मोजणं तुह्यं, पाहणं माह्यं

कवितेच्या माणसाने वजने उचलण्यावर बोलावे, हे ऐकून काहींना हसू येईल. काही वर्षांपूर्वी मलाही आले असते. पण माझ्या घरी दोन वह्या आहेत. एक कवितांची. दुसरी निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. या दुसऱ्या वहीत तारीख, व्यायामाचा प्रकार, किती किलो आणि किती वेळा, असे चार रकाने आखलेले आहेत. बी.ए. झाल्यावर माझा सगळा जन्म जिनिंग फॅक्टरीच्या हिशेबनिशीत गेला. त्यामुळे रकाने आखल्याशिवाय मला काही करता येत नाही.

त्या वहीत २१ जुलै २०२२ या तारखेपुढे लिहिले आहे : डेडलिफ्ट, ८५ किलो, १ वेळा. त्याच्यानंतर तीन महिने वही कोरी आहे.

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरून ताठ उभे राहणे. मी त्या दिवशी उभा राहिलो, बार खाली ठेवला, वहीत आकडा लिहिला आणि वही पिशवीत ठेवायला वाकलो, तो तसाच राहिलो. दोघांनी धरून रिक्षात घातले. पुढचे तीन आठवडे मी छताकडे बघत होतो. वहीतला आकडा खोटा नव्हता. पंच्याऐंशी किलो मी उचलले होतेच. पण उचलताना पाठ कशी झाली होती, हे वहीत नव्हते, कारण त्याला रकानाच नव्हता. आज मला त्या नसलेल्या रकान्याविषयी बोलायचे आहे. त्याचा इतिहास शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या अकोल्या-अमरावतीत तो पुष्कळ सापडतो.

सुरुवात दोन शब्दांपासून करू. आपण ‘कसरत’ म्हणतो. हा शब्द मूळ अरबी. त्याचा तिकडचा अर्थ विपुलता, पुष्कळपणा. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करणे, म्हणजे कसरत. म्हणजे मोजणी या शब्दाच्या पोटातच आहे. दुसरा शब्द ‘तालीम’. तोही अरबी. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, त्याच धातूपासून तालीम, म्हणजे शिकवणे. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला चार भिंती, लाल माती आणि एक कोनाडा दिला. शिकवण्याच्या क्रियेचे नाव आपण जागेला दिले. त्या जागेतला गुरू वस्ताद, म्हणजे फारसी उस्ताद. जोर, कुस्ती, पहिलवान, खुराक, लेझीम हे सगळे फारसीकडून आलेले, तर मल्ल, दंड, मुद्गल हे संस्कृतातले. आखाड्याच्या मातीत हे शब्द इतके मिसळले आहेत की कुठला कोणाचा, हे माती झटकल्याशिवाय कळत नाही.

कसरत मोजायची असते आणि तालीम घ्यायची असते. एक आकडा, दुसरी नजर. या दोहोंची फारकत झाली की काय होते, ते माझ्या पाठीने मला शिकवले.

मी अकरा वर्षांचा असताना, १९८० साली, अब्बांनी मला अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका तालमीत नेऊन सोडले. तालीम लहानशीच होती. बारा-पंधरा फूट लांबीचा हौदा, तेल-ताक-हळद घालून मळलेली माती, कोनाड्यात मारुती, एका कोपऱ्यात मुद्गलांच्या जोड्या आणि दगडाची नाल. वस्ताद माळी समाजाचे होते. लिहिता-वाचता येत नव्हते. आत शिरताना प्रत्येकाने माती कपाळाला लावायची. आम्हा मोहल्ल्यातल्या पोरांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, “तुमी हातावर घ्या, चालते.” तो विषय तिथेच संपला.

वस्तादांचा हिशेब कोळशाचा होता. दाराच्या मागच्या भिंतीवर प्रत्येक पोराची एक ओळ. आठवड्यातून एकदा, शनिवारी, जोर आणि बैठका मोजायच्या आणि त्या ओळीत कोळशाने रेघा ओढायच्या. दहाची एक उभी रेघ, शंभराची आडवी. आपली ओळ वाढताना बघणे हे त्या वयात सिनेमापेक्षा मोठे सुख होते. दिवाळीला भिंतीला चुना लागायचा आणि सगळ्यांच्या रेघा जायच्या. आम्ही हळहळायचो. वस्ताद म्हणायचे, “मांगल्या सालचा जोर मांगल्या साली गेला. आता हाये तो दाखव.”

पण खरी गंमत मोजणीत होती. पोरगा स्वतःचे जोर तोंडाने मोजत जायचा आणि वस्ताद मनात वेगळे मोजायचे. जोर मारताना छाती मातीजवळ गेली नाही, कंबर आधी उचलली, बैठकीत गुडघे आत पडले, की तो त्यांच्या मोजणीत नसायचा. मी धापा टाकत ‘पन्नास’ म्हटले की ते शांतपणे म्हणायचे, “तुह्ये पन्नास. माह्ये अडतीस.” भिंतीवर अडतीसच जायचे. एकदा मी रडकुंडीला येऊन भांडलो. तेव्हा ते म्हणाले, “मोजणं तुह्यं, पाहणं माह्यं. दोनी जुळले त रेघ.”

आज जगभरच्या स्पर्धांत पंच हेच करतात. उचललेले वजन आधी पाहतात, मग धरायचे की नाही ते ठरवतात. अकोल्याच्या गल्लीतला तो निरक्षर माणूस शनिवारी सकाळी हेच करत होता.

रमजानच्या महिन्यात त्यांचा आणखी एक नियम असे. सहेरी करून आलेल्या पोरांनी नेहमीच्या निम्मे मारायचे. “रोजा हाये, अर्धं कर. पण अर्धं चांगलं कर.” आज व्यायामशास्त्र सांगते की, काही आठवडे भार वाढवत नेला की मध्ये एक हलका आठवडा घ्यावा, म्हणजे स्नायू, सांधे आणि कंडरा सावरतात. आम्हाला वर्षातून एक अख्खा हलका महिना मिळायचा. ईदनंतर पहिल्या शनिवारी आमच्या रेघा हमखास वाढायच्या. त्याचे कारण तेव्हा आम्हाला शेवया वाटायचे.

१९९२ च्या डिसेंबरनंतर काही महिने आमच्या मोहल्ल्यातली पोरे तिकडे गेली नाहीत. कोणी मना केले नव्हते, कोणी बोलावलेही नव्हते. मग एका संध्याकाळी वस्ताद स्वतः आमच्या दारात उभे राहिले. अब्बांना म्हणाले, “पोट्टे काऊन धाडत नाही भाऊ? जोर बिघडतीन ना त्यायचे.” अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला लंगोट देऊन पाठवले.

ही नजरेची परंपरा किती जुनी, याचे पुरावे आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लविद्येवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि मल्लांच्या मेहनतीचे प्रकार नावे देऊन सांगितले आहेत. ‘भारश्रम’ म्हणजे वजन उचलण्याची मेहनत, ‘सलिलश्रम’ म्हणजे पाण्यातली, ‘स्तंभश्रम’ म्हणजे खांबावरची. म्हणजे आज जिमच्या भिंतीवर वेगवेगळ्या दिवसांचे वेगवेगळे व्यायाम लिहिलेले असतात, ती वाटणी आपल्याला नवी नाही. यातला खांब पुढे मल्लखांब झाला. तो विस्मरणातून वर काढला पेशवे दुसरे बाजीराव यांच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांनी. अली आणि गुलाब हे दोन मातब्बर पहिलवान पुण्यात आव्हान घेऊन आले आणि त्यांच्याशी लढायची तयारी बाळंभटांनी खांबावर केली, अशी कथा सांगतात. मल्लखांबाचे वैशिष्ट्य असे की त्यात वजन वाढवता येत नाही. वजन आपलेच. प्रगती मोजायची तर पकड किती स्वच्छ, उडी किती बिनआवाज, यावरच मोजावी लागते. तिथे नजरेवाचून हिशेबच होत नाही.

आणि ही नजर जातधर्म विचारत नव्हती, याचे एक उदाहरण बडोद्यात आजही उभे आहे. तिथे जुम्मादादा नावाचे मुसलमान वस्ताद होते. त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव. माणिकरावांनी पुढे संघ-व्यायामाचे आणि देशी व्यायामपद्धतीचे मोठे काम केले, मोडलेली हाडे बसवण्यातही त्यांचे नाव झाले. पण संस्थेला त्यांनी नाव दिले ते गुरूचे : जुम्मादादा व्यायाम मंदिर. ‘जुम्मा’ आणि ‘मंदिर’ हे दोन शब्द एका पाटीवर शेजारी बसले आहेत आणि तिथल्या माणसांना त्यात काही विशेष वाटत नाही.

त्याच बडोद्याच्या संग्रहालयात एक मोठा दगड आहे. तो १९०२ साली गामा पहिलवानाने उचलला, असे सांगतात. वजन सांगतात १२०० किलो. हा आकडा लोकांना पाठ असतो. पण तो दगड कसा धरला, जमिनीपासून किती उचलला, पाय कुठे होते, हे विचारले की कोणाला सांगता येत नाही. आकडा टिकतो, नजर टिकत नाही. कारण नजर माणसाबरोबर जाते.

ती जाऊ नये, म्हणून कोणीतरी ती कागदावर, वर्गात आणि अभ्यासक्रमात उतरवायला हवी होती. बडोद्यातच द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीतून काढले. आणि त्याही आधी, अकोल्याहून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या अमरावतीत, अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी १९१४ साली एक आखाडा सुरू केला होता. तोच आजचा श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ.

मी बी.ए.साठी अमरावतीला आलो, तेव्हा सकाळी त्या मैदानाजवळून जायचो. अकोल्याच्या बारा फुटी हौद्यातून आलेल्या पोराला ते एक गावच वाटायचे. एकीकडे मल्लखांब, एकीकडे लेझीम, एकीकडे कुस्ती, आणि मुलीही तितक्याच. मंडळाचे नाव देशभर आहे ते १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमुळे. त्या वेळी अमरावतीचे पथक तिथे गेले आणि हुतूतूसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण मला मंडळाचे याहून मोठे काम वेगळे वाटते. वस्तादाच्या डोक्यात आणि काठीत जे होते, ते मंडळाने शिकवता येईल असे केले. आधी काय, मग काय, हात कुठे, श्वास कधी, चूक कोणती आणि ती दुरुस्त कशी करायची, याचे वर्ग घेतले, परीक्षा घेतल्या, शिक्षक तयार करून गावोगाव पाठवले. १९६७ साली तिथे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय निघाले. वऱ्हाडातल्या कितीतरी शाळांचे पी.टी.चे मास्तर या मातीतून गेलेले आहेत. चांगला वस्ताद मिळणे ही तोपर्यंत नशिबाची गोष्ट होती. अमरावतीने ती शिक्षणाची गोष्ट केली.

तिकडे युरोप-अमेरिकेत याच सुमाराला उलट्या बाजूने काम चालले होते. त्यांनी मोजणी पक्की केली. आपल्याकडे ‘सँडो बनियन’ म्हणतात, त्या नावाचा मूळ माणूस युजेन सँडो. १८९७ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात कोणत्या वयाच्या माणसाने कोणता व्यायाम किती वेळा करावा, याचे तक्तेच होते. छाती-दंडाची मापे टेपने घ्यावी आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी, ही सवय त्यानेच घराघरात नेली. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्काराचा एवढा प्रसार केला, तेही आधी काही वर्षे सँडोची उपकरणे वापरत होते.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म हा तरुण डॉक्टर जखमी सैनिकांचे दुबळे पाय सुधारायच्या खटपटीत होता. स्वतः लहानपणी संधिवाताच्या तापातून वजने उचलून तो उभा राहिला होता. त्याने पद्धत बसवली. रुग्णाला दहा वेळाच उचलता येईल, अकराव्यांदा येणार नाही, असे वजन आधी शोधायचे. त्यावर व्यायाम बेतायचा. ठरावीक दिवसांनी ते वजन पुन्हा तपासायचे आणि वाढवायचे. १९४५ साली त्याने हे प्रसिद्ध केले. आज अकोल्याच्या रामदासपेठेतल्या जिममध्ये पोरगा ‘दहाचे तीन सेट’ म्हणतो, तेव्हा तो डिलॉर्मचीच भाषा बोलत असतो. शक्ती अंदाजाने नव्हे, नोंदीने वाढते, हे आपण त्या डॉक्टरकडून शिकण्यासारखे आहे.

मात्र नुसत्या आकड्याच्या मागे लागले की काय होते, याचा धडा ऑलिंपिकनेही घेतला. वजन उचलण्याच्या स्पर्धेत पूर्वी ‘प्रेस’ नावाचा प्रकार होता. बार छातीशी घ्यायचा आणि सरळ उभे राहून फक्त हातांच्या जोरावर डोक्यावर न्यायचा. हळूहळू खेळाडू कंबरेतून मागे वाकू लागले. जितके मागे वाकावे, तितके किलो वाढत. शेवटी सरळ कोण आणि वाकडा कोण, हे पंचांनाच ठरवता येईना, आणि कंबरेवर पडणाऱ्या ताणाची काळजी होतीच. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकारच काढून टाकला. आमच्या वस्तादांसारखे ‘हा धरला नाही’ म्हणणारे जेव्हा कमी पडले, तेव्हा सगळा आकडाच पुसावा लागला.

हे सारे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. आकड्याने पाठ कशी जाते, हे मी घरात पाहिले आहे. अब्बा प्रेसिंग फॅक्टरीत आणि धान्याच्या बाजारात हमाली करायचे. पोते एक क्विंटलचे. प्रत्येक पोत्यामागे मुकादम एक बिल्ला द्यायचा, आणि संध्याकाळी बिल्ल्यांवर मजुरी. म्हणजे त्यांचीही मोजणी चोख होती, फक्त तिच्यात पाठीचा रकाना नव्हता. सकाळी पहिली वीस-पंचवीस पोती अब्बा शहाण्यासारखी उचलायचे. मला सांगायचेही, “बेटा, बोझा पीठ पे नहीं, टाँगों पे उठता.” पण दुपारनंतर टांगा थकल्या की बोजा पाठीवर यायचा. त्या वेळी ‘आता थांब’ म्हणणारा वस्ताद तिथे नव्हता, कारण थांबले की बिल्ला नाही.

१९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शिफारस केली होती की, एका माणसाने अंगावर उचलायचे वजन ५५ किलोच्या वर नसावे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी-हमाल कामगारांसाठी कायदा झाला, तो देशात मोलाचा ठरला. पण कागदावरचे किलो पोत्यापर्यंत पोचायला फार वर्षे लागली. पंचेचाळिशीत अब्बांची कंबर गेली. त्यानंतर ते शेवटपर्यंत खुर्चीवर बसून नमाज पढले. रुकू आणि सिजदा त्यांनी मानेनेच केला.

एवढे पाहूनही मी त्रेपन्नाव्या वर्षी तीच चूक केली, ती फी भरून. २०२२ च्या फेब्रुवारीत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, नुसते चालू नका, वजने उचला. त्या वयात स्नायू झडत जातात आणि रक्तातली साखर वापरणारे मुख्य गिऱ्हाईक तर स्नायूच. सल्ला उत्तम होता. मी अमरावतीत घराजवळच्या एका जिममध्ये जाऊ लागलो. हिशेबनीस असल्याने वही घेतली. तीस किलोपासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला आकडा चढवत गेलो. शिकवणारा पोरगा भला होता, पण त्याच्याकडे एका वेळी वीस माणसे आणि हातात मोबाइल. तो लांबूनच अंगठा दाखवायचा. मी तो ‘धरला’ असा समजायचो.

अंथरुणावर पडलो, त्याच्या पुढच्या आठवड्यात बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धा सुरू झाल्या. ३० जुलैला सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटात उतरला. एकवीस वर्षांचा पोरगा. स्नॅचमध्ये ११३ किलो, क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५, एकूण २४८. पुढे १३९ साठी गेला आणि उजव्या कोपराने दगा दिला. तिसऱ्या प्रयत्नातही जमले नाही. सुवर्णपदक २४९ ला गेले. एका किलोने. रौप्यपदक गळ्यात आणि हात झोळीत, असा तो उभा होता. आपण सगळ्यांनी एक किलो पाहिला. मी मात्र, स्वतः मोडून पडलो असल्यामुळे असेल, ते कोपर पाहत राहिलो. आयुष्यभर शिकलेल्या, उत्तम गुरू लाभलेल्या खेळाडूचा सांधाही एका क्षणात रेषेबाहेर जातो. मग माझ्यासारख्याचे काय?

उठू लागल्यावर मी अकोल्याला वस्तादांकडे गेलो. ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांना कमी दिसणारे. तालमीच्या जागी आता दुकाने आहेत. ओट्यावर बसले होते. सगळी कहाणी ऐकून त्यांनी विचारले, “वजन तू उचलून राह्यला होता का वजन तुले?” मग आतून काठी मागवली. माझ्या पाठीवर उभी धरली, एक टोक डोक्याच्या मागे, मध्ये खांद्यांच्या दरम्यान, खाली माकडहाडाशी. म्हणाले, “आता वाक. काठी तिनी जागी लागली पायजे.” मी वाकलो, की काठी कंबरेपासून सुटायची. पाच-सहा वेळा सुटली. शेवटी ते वैतागले. “अबे, तू नमाजात वाकतो तसा वाक ना!”

मी चमकलो. लहानपणी मौलवीसाहेबांनी शिकवले होते की, रुकूत पाठ अशी सपाट हवी, की तिच्यावर पाण्याचा कटोरा ठेवला तरी सांडू नये. वाकायचे ते खुब्यातून, पाठीतून नव्हे. मी तसा वाकलो आणि काठी तिन्ही जागी लागून राहिली. फक्त वजन उचलताना गुडघे थोडे सैल ठेवायचे, एवढाच फरक. चाळीस वर्षे दिवसातून पाच वेळा जे शरीर करत होते, ते जिममध्ये शिरताना मी दाराबाहेर चपलांजवळ ठेवून गेलो होतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मी वही पुन्हा उघडली. वीस किलोच्या नुसत्या बारपासून. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सांगतो. तारीख, वजन, वेळा हे लिहायचेच, कारण आठवण खुशामत करते आणि वही करत नाही. पण आता ‘वेळा’ या रकान्याचे मी दोन केले आहेत. एक ‘केले’, दुसरा ‘धरले’. बार पायांना चिकटून वर आला का, पाठ सपाट राहिली का, श्वास भरून पोट घट्ट केले होते का, यात एक जरी सुटले, तरी तो धरायचा नाही. सलग दोन वेळा केले तितकेच धरले गेले, तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे. थकून वळण बिघडायच्या आधी, अजून एक-दोन निघतील असे वाटत असतानाच थांबायचे. पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा निम्मे वजन. माझ्या वहीत त्या आठवड्याच्या डोक्यावर ‘रमजान’ असे लिहिलेले असते, मग महिना कोणताही असो.

मोबाइल बाजूला टेकवून स्वतःचे चित्रण करणेही चांगले. मी करतो. पण कॅमेरा पाहतो, ‘धरला नाही’ म्हणत नाही. ते म्हणायला माणूस लागतो. वस्ताद २०२४ मध्ये गेले. त्यांच्यामागे मी माणूस शोधला, तर तो जिममध्येच होता. शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करणारा खेड्यावरचा एक पोरगा. माझ्यापेक्षा तिप्पट उचलतो. आता तो उचलतो तेव्हा मी बाजूला उभा राहतो आणि मी उचलतो तेव्हा तो. कवी माणसाला त्यातले काय कळते, असे त्याला आधी वाटले होते. पण गुडघा आत पडला हे ओळखायला पदवी लागत नाही, शेजारी उभे राहावे लागते.

मागच्या मंगळवारी मी साठ किलोचे आठ केले आणि वही उघडून ‘आठ’ लिहिणार, तेवढ्यात तो म्हणाला, “चाचा, सहाच.” नोंद तशीच आहे : साठ किलो, केले आठ, धरले सहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)